दुदुक आणि ऑर्केस्ट्रा: आर्मेनियन लोकगीत सिंफनीत उतरवायचं कसं?

वॉटरटाऊनकर
मंगळवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, आणि जरा लांबण लागणार आहे.

मी बॉस्टनजवळ वॉटरटाऊनला राहते. या गावात आर्मेनियन कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. इथल्या एका हौशी ऑर्केस्ट्रात सहा वर्षांपासून दुसऱ्या व्हायोलिनच्या रांगेत वाजवते. वसंतातल्या कार्यक्रमात यंदा एक आर्मेनियन लोकगीत घेतलंय: पुढे एकटं दुदुक आणि मागे आम्ही पन्नासेक जण. पहिल्या तालमीत जे झालं ते डोक्यातून जात नाहीये.

दुदुक वाजवणारे आजोबा सत्तरीच्या पुढचे. आले, कोपऱ्यात बसले, डबीतून पत्ती काढली. सनईच्या पत्तीपेक्षा ही कितीतरी मोठी आणि रुंद असते. बोरूच्या नळीचंच एक टोक दाबून चपटं केलेलं. तिच्यात त्यांनी पाण्याचे चार थेंब टाकले, झटकली, गुडघ्यावर उभी धरली आणि वाट बघत बसले. आमचं बाकीचं वाजवून होईपर्यंत ती चपटी फट हळूहळू उघडत होती. मग ती दुदुकात बसवून त्यांनी पहिला स्वर लावला. शेजारी बसलेला माणूस कानाशी काही सांगतोय इतका जवळचा आवाज. माझ्या पुढच्या रांगेतल्या बाईंनी गज मांडीवर ठेवून दिला.

आणि मग आम्ही सुरू झालो. गाण्याची मांडणी करणाऱ्याने खाली सगळीकडे भरगच्च कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार स्वर, घातलेत. दर ओळीच्या शेवटी पाश्चात्त्य पद्धतीने घरी परतायची तयारी: आधी ताण, मग सुटका. आजोबांचा स्वर दिसेनासा झाला. दोनदा असं झालं. तिसऱ्यांदा ते थांबले आणि कंडक्टरला अगदी हळू म्हणाले, "सगळ्यांना एकच स्वर धरता येईल का? बाकी काही नको."

आम्ही फक्त षड्ज धरला. कॉर्ड नाही, हालचाल नाही. अंगावर काटा आला.

गाण्याचं नाव मुद्दाम देत नाही, मांडणी करणाऱ्याला ते लागेल. पण माझा प्रश्न असा की लोकगीत आणि ऑर्केस्ट्रा एकत्र येतात तेव्हा बदलायचं कुणी? मला वाटतं, ऑर्केस्ट्राने. मोठा आहे तो, त्याला झेपेल. तुम्हाला काय वाटतं?

रानजाई
बुधवार, सकाळी ७:१५

काय सुंदर लिहिलंयस गं. दुदुक म्हणजे नक्की काय? सनईसारखंच का?

वॉटरटाऊनकर
बुधवार, सकाळी ८:०२

जात सनईचीच, पण स्वभाव उलटा. जर्दाळूच्या लाकडाचं असतं. आर्मेनियन भाषेत जर्दाळूला 'त्सिरान' म्हणतात, म्हणून त्याचं दुसरं नाव त्सिरानापोख. नळी सरळ, पुढे भोंगा नाही. एका सप्तकाच्या थोडं वर एवढाच पल्ला. आवाज मऊ, घरातला. मैदानात, लग्नाच्या मिरवणुकीत वाजवायला झुर्ना असतो, तो खरा सनईचा सख्खा भाऊ. २००५ साली युनेस्कोने दुदुकाच्या संगीताला मानवजातीच्या अमूर्त वारशात जागा दिली.

आणि दुदुक परंपरेत एकटं वाजत नाही. दुसरा वादक बाजूला बसून एकच स्वर अखंड धरतो. त्याला 'दाम' म्हणतात. गाल फुगवून नाकाने श्वास घेत राहायचं, स्वर तुटू द्यायचा नाही.

सोलापुरी सूर
बुधवार, सकाळी ९:३०

ताई, हे वाचून राहवलं नाही. आमच्या सोलापूरची सुंदरी माहीत असेल, सनईची धाकटी बहीण. माझे वडील सनई-चौघड्याच्या ताफ्यात तीस वर्षं सूर धरायचे. आयुष्यभर एकच स्वर. लोक मुख्य सनईवाल्याच्या पाया पडायचे, वडील बाजूला बसलेले. पण मुख्य वादक मला सांगायचे, "तुझा बाप आज नसता तर मी उघडा पडलो असतो." तुमच्या आजोबांनी पन्नास जणांना जे मागितलं ते हेच. त्यांना त्यांचा सूरवाला हवा होता.

एकतारी
बुधवार, दुपारी १:१०

धागा वाचनखुणेत ठेवला. वॉटरटाऊनकर, तुमच्या प्रश्नाला शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने आयुष्य वाहिलं होतं, त्याच्याबद्दल लिहितो.

कोमितास. मूळ नाव सोगोमोन सोगोमोन्यान. जन्म १८६९, अनातोलियातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, क्युताह्या गावी. लहानपणीच पोरका झाला. गावातले आर्मेनियन लोक तुर्की बोलत, त्यामुळे त्याला मातृभाषा येत नव्हती, पण आर्मेनियन स्तोत्रं पाठ होती. १८८१ मध्ये त्याला एच्मियाद्झिनला, आर्मेनियन चर्चच्या मुख्य धर्मपीठात नेलं. धर्मगुरूंशी त्याला आर्मेनियनमध्ये बोलता येईना, म्हणून त्याने स्तोत्र गाऊन दाखवलं, आणि त्या आवाजावर त्याला तिथे ठेवून घेतलं, असं सांगतात. पुढे तो मठात दीक्षित झाला, १८९६ ते १८९९ बर्लिनला शिकला, आणि खेडोपाडी हिंडून हजारो गाणी टिपली. त्यातली बाराशेच्या आसपास आज हाती आहेत.

टिपायला तो युरोपची पाच रेघांची लिपी वापरत नसे. लिमोन्जियानने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आर्मेनियन स्वरलिपी तयार केली होती, ती वापरायचा. सात स्वरांना सात अक्षरं: फो, ए, वे, बे, खो, ने, पा. आपल्या सारेगमसारखीच. गाणारा गातोय तोवर भराभर लिहून घेता येतं.

उत्तर आर्मेनियातल्या लोरी भागातल्या नांगरणीच्या गाण्यावर तर त्याने वेगळा अभ्यासलेख लिहिला. बैलांना दिलेल्या हाका, गड्यांनी एकमेकांना घातलेली साद, मध्येच थांबलेला नांगर, सगळं गाण्याचा भाग म्हणून नोंदवलं. आपल्याकडे मोटेवर किंवा भलरी म्हणताना ऐकलेलं ज्यांना आठवतं त्यांना हे लगेच कळेल. गाणं आणि काम वेगळं काढताच येत नाही.

ही गाणी त्याने पियानोसाठी आणि गायकवृंदासाठी मांडली तेव्हा काय केलं ते महत्त्वाचं आहे. त्याने कॉर्डची गादी घातलीच नाही. पियानोत कुठे नुसता चौथा-पाचवा स्वर, कुठे एकच धरलेला स्वर, कुठे डफासारखा ठोका. १९०६ ची त्याची पियानोवरची सहा नृत्यं ऐका. हात अवघडून जाईल इतकं कमी लिहिलंय.

२४ एप्रिल १९१५ ला कॉन्स्टँटिनोपलमध्ये (आजच्या इस्तंबूलमध्ये) आर्मेनियन विचारवंतांची धरपकड झाली, त्यात कोमितासही होता. त्याला परत सोडलं, पण तो मनाने परतला नाही. शेवटची जवळजवळ वीस वर्षं मनोरुग्णालयांत गेली. १९३५ मध्ये पॅरिसजवळ वारला, पुढच्या वर्षी अस्थी आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानला नेल्या.

मला या माणसाबद्दल लिहिताना दरवेळी हात थांबतो.

खमाज
बुधवार, सायंकाळी ६:४५

एकतारी, फार छान. त्या कॉर्डचं नेमकं बिनसतं कुठे ते आपल्या भाषेत मांडून बघतो. हार्मोनियम असेल तर जवळ घ्या.

युरोपातली स्वरसप्तकं सा ते वरचा सा अशी बंद होतात. वरचा गंधार खालच्या गंधारासारखाच. कोमितासने दाखवून दिलं की आर्मेनियन गाणं सप्तकावर उभं नाही, चार-चार स्वरांच्या तुकड्यांवर आहे. आणि एका तुकड्याचा शेवटचा स्वर हाच पुढच्याचा पहिला. साखळीची कडी कडीत अडकवावी तशी.

आता वाजवा: सा रे ग म. चारही शुद्ध. आता मध्यमालाच सा मानून तीच चाल पुढे न्या: म प ध आणि कोमल नी. आता कोमल नीला सा माना: नी, वरचा सा, वरचा रे, आणि वरचा कोमल ग.

बघितलंत? मधल्या सप्तकात गंधार शुद्ध, तार सप्तकात कोमल. खाली उतरत गेलात तर मंद्रातला निषाद शुद्ध लागतो आणि मधला कोमल. कुठल्याही थाटात हे बसत नाही, कारण थाट सप्तकाचा असतो.

पाश्चात्त्य पद्धतीने ओळ बंद करायची तर शेवटच्या आधीच्या कॉर्डमध्ये शुद्ध निषाद लागतो. तोच त्यांचा घरी नेणारा स्वर. आणि गाणारा तिथे कोमल निषादावर निवांत बसलेला असतो. त्याला कुठे जायचंच नसतं. तुमच्या आजोबांचा स्वर दिसेनासा झाला त्यात आवाजाच्या मोठेपणापेक्षा या भांडणाचा वाटा जास्त असावा असं मला वाटतं. ताई, तुमच्या कागदावर ते शुद्ध निषाद आहेत का, बघाल?

वॉटरटाऊनकर
बुधवार, रात्री ९:२०

खमाज, आत्ताच स्वरलिपी काढून बसले. आहेत. दुसऱ्या व्हायोलिनच्याच ओळीत, तीन जागी. म्हणजे ते मीच वाजवत होते.

हार्मोनियमवर तुमची साखळीही वाजवून बघितली. तार सप्तकातल्या कोमल गंधारावर पोचल्यावर वाटलं, खोलीतला दिवा कुणीतरी थोडा बारीक केला.

उत्तररात्र
गुरुवार, पहाटे १२:५०

सगळं पटतंय, तरी मला दुसरी बाजू मांडायचीय. धागा असाच पुढे गेला तर खाचातुरियन गुन्हेगार ठरेल, आणि तो अन्याय होईल.

संगीतकार अराम खाचातुरियन १९०३ मध्ये तिफ्लिसला (जॉर्जियातलं आजचं त्बिलिसी) जन्मला. कोमितासची गाणी शेतातली आणि देवळातली. खाचातुरियनने लहानपणी ऐकलं ते शहरातलं: तार (छेडून वाजवायचं तंतुवाद्य), कमान्चा (गजाने वाजवायचं) आणि डफ घेऊन बसणारे वादक, अशुघ म्हणजे फिरते कवी-गायक. आर्मेनियन, जॉर्जियन, अझेरी, फार्सी अशा सगळ्यांच्या चाली एका गल्लीत नांदत होत्या. ते संगीत दाटच होतं, रंगीतच होतं. त्याने सांगून ठेवलंय की शेजारशेजारचे दोन स्वर एकदम वाजवायची त्याची ओढ त्या तार-कमान्चा-डफाच्या त्रिकुटातून आली. म्हणजे त्याच्या ऑर्केस्ट्रातला खरखरीत, एकमेकांना घासणारा आवाज युरोपातून उसना आणलेला नाही.

एकोणिसाव्या वर्षापर्यंत संगीताचं शिक्षण नाही, मग मॉस्कोत चेलो घेऊन सुरुवात, आणि १९३६ ला पियानो कन्चेर्तो (एक वाद्य पुढे, साथीला ऑर्केस्ट्रा), १९४० ला व्हायोलिनवादक डेव्हिड ओइस्त्राखसाठी व्हायोलिन कन्चेर्तो, १९४२ ला 'गयाने' बॅले. 'सेबर डान्स' त्यातलाच. जगाला तेवढाच माहीत आहे याचं मला वाईट वाटतं. १९४३ ची दुसरी सिंफनी ऐका. तिसऱ्या भागात त्याने 'व्होरस्कान आख्पेर' हे लोकगीत घेतलंय. शिकारी भावाला घातलेली हाक. त्याची आई ते गायची. युद्ध चालू होतं. ते गाणं ऑर्केस्ट्रातून पायी चालत येतं, मातीवर पाय घासत. तिथे कॉर्ड आहेत, पितळी वाद्यं आहेत, सगळं आहे. आणि गाणं मेलेलं नाही.

तेव्हा 'ऑर्केस्ट्राने गप्प बसावं' हा नियम मला मान्य नाही. कुठलं गाणं, कुठल्या गल्लीतलं, हे आधी विचारा.

वॉटरटाऊनकर
गुरुवार, सकाळी ७:४०

उत्तररात्र, पहाटे उठून सिंफनीचा तो भाग ऐकला. तुमचं बरोबर आहे. मी सगळ्या आर्मेनियन संगीताला एकच मानत होते. गावातलं गाणं एकटं असतं, आणि शहरातलं आधीपासूनच चार वाद्यांच्या गर्दीत वाढलेलं. दोघांना एकच औषध लागू पडणार नाही.

तरी एक टोचतं. आईचं गाणं होतं म्हणून खाचातुरियनला ते कुठे मोडेल ते आतून ठाऊक होतं. आमच्या मांडणीकाराला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं, मी मुकाट वाजवत होते.

रानजाई
गुरुवार, दुपारी १२:०५

हा धागा आईला वाचून दाखवतेय. ती विचारतेय, ते नांगरणीचं गाणं बायकाही म्हणायच्या का?

एकतारी
गुरुवार, दुपारी २:३०

रानजाई, नांगरणीचं गाणं प्रामुख्याने पुरुषांचं. बायकांची गाणी म्हणजे अंगाई, लग्नाची, नाचाची. कोमितासने तीही टिपली.

वॉटरटाऊनकर, तुमच्या गावाचंच एक नाव अजून कसं आलं नाही? संगीतकार अॅलन होव्हानेस. जन्म १९११, तुमच्या शेजारच्या समरव्हिलला. वडील आर्मेनियन, तुर्कस्तानातल्या अदानाकडचे, आई स्कॉटिश वंशाची. १९४० पासून वॉटरटाऊनच्या सेंट जेम्स आर्मेनियन चर्चमध्ये तो ऑर्गन वाजवायचा. तुमचा पहिला प्रश्न त्याने फार धीटपणे सोडवला.

१९४४ ची 'लुसाद्झाक' ही रचना ऐका, पियानो आणि तंतुवाद्यांसाठी. पियानोवर दहा बोटं असताना तो बहुतेक वेळ एकेरी ओळ वाजवतो, तार किंवा कानून (मांडीवर ठेवून छेडायचं अनेक तारांचं वाद्य) छेडल्यासारखे एकाच स्वराचे झपाट्याने आघात. कॉर्ड टाकूनच दिलेत. आणि तंतुवाद्यांना काही जागी ताल सोडायला सांगितलंय. प्रत्येकाने दिलेली स्वरमालिका आपापल्या गतीने घोळवायची, शेजाऱ्याशी जुळवायची नाही. देवळात पन्नास जण पुटपुटत जप करतायत असा आवाज तयार होतो. ऑर्केस्ट्रात राहून ऑर्केस्ट्राची शिस्त मोडायची, आणि त्यातून पूर्वेचा श्वास आणायचा.

यात आपल्याकडचाही धागा आहे. १९३६ मध्ये बॉस्टनला उदय शंकरांच्या नृत्यमंडळाचा कार्यक्रम होव्हानेसने बघितला. संगीत विष्णुदास शिराळींचं, म्हणजे विष्णु दिगंबर पलुस्करांच्या शिष्याचं. तिथून त्याला भारतीय संगीताची ओढ लागली ती कायमची. १९५९ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्ती घेऊन तो मद्रासला आला, कर्नाटक संगीत शिकला, आणि आकाशवाणीच्या मद्रास केंद्रासाठी दक्षिणी वाद्यांच्या वृंदाला रचना करून दिली.

फोर्टातला
गुरुवार, सायंकाळी ७:२०

संगीतातलं मला कळत नाही, पण मुंबईकरांनी एक बघावं. फोर्टात सेंट पीटर्स आर्मेनियन चर्च आहे, १७९६ चं. मी त्याच भागात अठ्ठावीस वर्षं नोकरी केली आणि रोज समोरून गेलो. व्यापारी आर्मेनियन सुरतेहून मुंबईत आले, त्यांचं हे. आता मुंबईत त्यांची वस्ती जवळजवळ उरलेली नाही. उद्या आत जाऊन बसणार आहे.

गायिका गौहर जानच्या वडिलांचं घराणंही आर्मेनियनच होतं ना?

खमाज
गुरुवार, रात्री ८:१०

हो काका. पण त्यांचं गाणं बनारस-कलकत्त्याच्या ठुमरीचं, आर्मेनियन चालींचा त्याच्याशी संबंध नाही. रक्ताचं नातं आणि स्वराचं नातं वेगळं ठेवायला हवं. चर्चमध्ये जाऊन या आणि इथे नक्की लिहा.

उत्तररात्र
शुक्रवार, रात्री १:३०

अलीकडच्या आर्मेनियन संगीतकारांपैकी दोघांबद्दल लिहून मी थांबतो.

आवेत तेर्तेरियान, १९२९ ते १९९४. आठ सिंफनी. १९७५ च्या तिसऱ्या सिंफनीत त्याने दुदुक आणि झुर्ना सरळ मोठ्या ऑर्केस्ट्रात आणून बसवले, पाचवीत कमान्चा. आणि त्यांना लोकधून दिलीच नाही! इथे दुदुकाचा लांबलेला स्वर हाच विषय आहे. एक स्वर, त्याच्या आत काय काय हलतं ते ऐकत राहायचं. सोलापुरी सूर, तुमच्या वडिलांच्या कामावर एका माणसाने सिंफनी उभी केली असं समजा.

दुसरा तिग्रान मनसुरियन, जन्म १९३९ बैरुतचा, १९४७ मध्ये कुटुंब आर्मेनियात परतलं. त्याचं 'रेक्विएम', म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, १९१५ पासून ऑटोमन तुर्की राज्यात झालेल्या आर्मेनियनांच्या संहारात गेलेल्यांसाठी आहे. शब्द लॅटिन, चाल आर्मेनियन स्तोत्रांच्या वळणाची, साथीला फक्त तंतुवाद्यं. रात्री उशिरा ऐकू नका एकट्याने. मी ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेलो नाही.

एक उलटा प्रवासही सांगतो. लेवोन एस्केनियानचा गुर्जिएफ एन्साम्बल हा वादकवृंद कोमितासच्या पियानो रचना परत दुदुक, कानून, कमान्चावर नेऊन वाजवतो. ज्या वाद्यांचा आवाज त्याने पियानोत दडवला होता, तो उघडा झाला. २०१५ ची ध्वनिमुद्रिका आहे.

सोलापुरी सूर
शुक्रवार, सकाळी ८:५५

उत्तररात्र, वडील जाऊन अकरा वर्षं झाली. तुमचं वाक्य फोटोसमोर बसून मोठ्याने वाचलं.

वॉटरटाऊनकर
पुढचा रविवार, रात्री ११:१५

काल कार्यक्रम झाला. उशीर झालाय, पण झोप येत नाही.

मधल्या तालमीत मी धीर करून कंडक्टरना खमाज यांची साखळी कागदावर काढून दाखवली. त्यांनी आजोबांना बोलावलं. आजोबांनी कागद बघितला नाही, नुसतं गाऊन दाखवलं, आणि माझ्या तीन शुद्ध निषादांवर पेन्सिलीने काट मारली. पितळी वाद्यांना पहिली दोन कडवी विश्रांती दिली. व्हायोला आणि चेलोकडे दाम आला. अडचण अशी की सगळ्यांनी एकदम गज फिरवला की स्वराला सांधा दिसतो. म्हणून एका स्टँडवरच्या दोघांनी ठरवून घेतलं, तू फिरवशील तेव्हा मी नाही. चाळीस मिनिटं नुसतं तेवढंच केलं. एक स्वर, न तुटता.

शेवटच्या कडव्यात मात्र आजोबांनीच सगळ्यांना या म्हटलं. उत्तररात्र, तिथे आम्ही कॉर्ड वाजवले, मोठ्याने वाजवले, आणि ते बरोबर वाटलं. तोपर्यंत गाणं सगळ्यांना पाठ झालं होतं.

कार्यक्रमात पहिल्या रांगेत एक म्हातारी बाई होती. दाम सुरू झाला, दुदुक अजून यायचं होतं, आणि तिने डोळे मिटून गुणगुणायला सुरुवात केली. चाल नाही. आमचाच स्वर.

सोलापुरी सूर
सोमवार, सकाळी ६:२०

ताई, एक विचारायचं होतं. पत्तीत पाणी किती वेळ ठेवायचं? एका ओळखीच्यांनी येरेवानहून दुदुक आणलंय, माझ्या हातात दिलंय. फुंकतोय पण स्वर निघत नाही.

वॉटरटाऊनकर
सोमवार, सकाळी ६:३५

पाणी ठेवायचं नाही काका. चार थेंब, हलवायचं, झटकून टाकायचं. पत्तीचं टोपण काढून पंधरा-वीस मिनिटं उभी ठेवा, आपोआप उघडेल. घाई केली तर चिरते. खूप उघडली तर पत्तीवरचं मधलं कडं थोडं वर सरकवा. सुरुवातीला सूरच धरा.